बल्बाखाली मेलेली पिल्लं: कासारीकाठच्या एका खोलीतले बेचाळीस दिवस

फोन सकाळी सहाला आला. "मॅडम, रातच्याला आनी सात गेली बघा. परवा नऊ, आज सात. औषध तर तीन-तीन पाजतोय. कुठला रोग घुसलाय ते एकदा येऊन बघाच."

फोनवर होत्या त्या काकी पन्हाळा तालुक्यातल्या, कासारी नदीच्या काठच्या एका गावातल्या. जुलैचा दुसरा आठवडा होता आणि चार दिवस पाऊस उघडला नव्हता. काकींच्या परसात गावठी कोंबड्या पूर्वीपासून आहेत, पंधरा-वीस तरी. त्या वर्षी बचत गटातून कर्ज काढून त्यांनी पहिल्यांदाच एका दिवसाची, वनराजा जातीची १२० पिल्लं आणली आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत ठेवली. गावठी कोंबडी खुडूक बसते, पिल्लं काढते, पंखाखाली घेते, त्यात माणसाला फारसं काही करावं लागत नाही. इथे आई नाही. तिच्या पंखांचं काम खोलीला करायचं होतं आणि ते नेमकं काय असतं हे काकींना कुणी सांगितलं नव्हतं.

मी मेलेली पिल्लं फेकू नका म्हणाले, पिशवीत घालून सावलीत ठेवा म्हणाले, आणि निघाले. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण या घरानं केलेली एकही चूक निष्काळजीपणाची नव्हती. प्रत्येक गोष्ट विचार करून केलेली होती.

कॅलेंडरवरचे आकडे

काकींनी एक फार चांगलं काम केलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या रोज मेलेल्या पिल्लांचा आकडा पेनानं लिहिला होता. पहिली रात्र २, दुसरी ४, तिसरी ९, चौथी ७. एकूण २२. प्रवासातून आलेल्या पिल्लांत पहिल्या आठवड्यात शंभरात एक-दोन जातात, ते धरूनच चालायचं असतं. त्यामुळे पहिल्या रात्रीच्या दोघांचं मला काही वाटलं नाही. पुढचे आकडे मात्र बोलत होते.

मी पहिला प्रश्न विचारला तो वेळेचा. दिवसा किती गेली? सून म्हणाली, "दिवसा एक बी न्हाई. सगळी पहाटंच घावत्यात." रोगाला रात्र-दिवस कळत नाही. बावीसच्या बावीस पिल्लं पहाटे सापडतात म्हटल्यावर मी औषधांची पाकिटं बघायचं थांबवलं आणि खोली बघायला लागले.

दुसरा प्रश्न जागेचा. कुठे सापडतात? "ह्या पिवळ्या बल्बाच्या बराबर खाली. एकावर एक." आणि इथेच घरातल्यांचा अंदाज चुकला होता. पिल्लं बल्बाखाली मेली, म्हणजे बल्बाची धग सोसली नाही, असं त्यांनी धरलं. म्हणून तिसऱ्या दिवशी मुलानं बल्ब हातभर वर ओढून बांधला. मेलेलं पिल्लू कुठे पडलं एवढंच पाहिलं तर हा निष्कर्ष सरळ वाटतो. पण ज्या पिल्लाला उकडतं ते बल्बापासून लांब पळतं, पंख सैल सोडून चोच उघडी टाकून धापा टाकतं, भिंतीच्या कडेला जाऊन पडतं. बल्बाखाली ढीग करतं ते गारठलेलं पिल्लू. ऊब कमी पडली की सगळी त्याच एका जागेवर घुसतात, वरची खालच्यांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

दोन बल्ब होते आणि ऊब कमी कशी? पहिल्या दिवशी दोन्ही जुन्या तारेचे होते, शंभर-शंभर वॅटचे. दुसऱ्या रात्री त्यातला एक उडाला. दुकानात गेल्यावर मुलाला वाटलं, घेतोच आहोत तर चांगला घेऊ, आणि त्यानं ९ वॅटचा एलईडी आणला. खोलीत आधीपेक्षा लख्ख उजेड पडला. तारेचा बल्ब वीज खातो त्यातली बहुतेक उष्णता होऊन बाहेर पडते, उजेड हा त्याचा जोडधंदा. पिल्लांना आपण तो त्याच्या या अवगुणासाठीच लावतो. एलईडी मुळात वीजच ९ वॅट घेतो, तर तो ऊब कुठून देणार? म्हणजे त्या दिवसापासून ब्रूडर, म्हणजे पिल्लांना आईऐवजी ऊब देणारी ही सोय, निम्म्या उबेवर चालला होता आणि तिसऱ्या दिवसापासून तो उरलेला निम्माही वर ओढून बांधला होता.

घरात थर्मामीटर होता. भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर, खिळ्याला टांगलेला. "रोज सांच्याला बघतोय, तीस-एकतीस असतंय," काकी म्हणाल्या. मी त्या भिंतीला हात लावला. कोमट होती. भिंतीपलीकडे चूल. संध्याकाळी भाकरी थापताना चूल पेटलेली असायची तेव्हाच सगळे थर्मामीटर बघत होते. रात्री दहाला चूल विझते, भिंत निवते, बाहेर पावसात पारा एकवीस-बावीसपर्यंत उतरतो, आणि तीन-चार वाजता पिल्लं ढीग करतात.

माझ्याजवळचा थर्मामीटर मी पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून दोन-तीन इंचांवर धरला. तारेच्या बल्बाखाली २८ अंश. एलईडीखाली २४. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंशांच्या आसपास लागतं. अंगावर नुसती लव असते, पिसं नसतात, आणि स्वतःचं अंग स्वतः गरम ठेवायची ताकद यायला दोन आठवडे तरी जातात.

मग एक पिल्लू उचलून त्याचे पाय मी काकींच्या गालाला लावले. "आगं बाई, बर्फागत हायत की!" मुठीत धरलेलं पिल्लू पाठीला कोमट लागतं, त्यामुळे आपण फसतो. पाय खरं सांगतात. खोलीत खाली शहाबादी फरशी, तिच्यावर वर्तमानपत्राचे दोन पदर, बस. फरशी पायांतून ऊब ओढून घेत होती. शिवाय कागद गुळगुळीत, त्यावर पाय घसरून दोन पिल्लांचे पाय फाकलेले होते.

पाच पिल्लं उघडून

पडवीत फळीवर सातांपैकी पाच पिल्लं उघडली. मुलगा आणि सून शेजारी उभे राहिले. मी त्यांना मुद्दाम जवळ बोलावलं होतं.

दोन पिल्लं चपटी झालेली, लव ओली, फुप्फुसं गडद लाल. ती ढिगाखाली गुदमरली. दोघांच्या गळ्याखालची अन्नपिशवी पूर्ण रिकामी, पायांची कातडी सुकून काळपट, आणि मूत्रपिंडात खडूसारखी पांढरी रेघ, म्हणजे अंगात पाणीच नव्हतं. त्याच दोघांच्या पोटात पिवळ्या बलकाची पिशवी सुपारीएवढी तशीच होती. अंड्यातून बाहेर येताना पिल्लू उरलेला बलक पोटात घेऊन येतं. त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस तग धरता येते, म्हणून तर एका दिवसाची पिल्लं खोक्यातून लांब पाठवता येतात. पण तो बलक जिरायला अंगात ऊब लागते. गारठलेलं पिल्लू दाण्याकडे जात नाही, पाण्याकडे जात नाही, आणि शिदोरी पोटात असून उपाशी मरतं.

पाचव्या पिल्लाची गोष्ट वेगळी. बेंबी ओली, सुजलेली, बलक पातळ तपकिरी आणि घाण वास. हा बेंबीचा जंतुसंसर्ग, बहुधा अंड्यापासून किंवा खोक्यापासून आलेला. असं पिल्लू सहसा वाचत नाही. पाचात एक. उरलेल्या चौघांत रोग नव्हता.

फुप्फुसं मी आणखी एका कारणासाठी नीट पाहिली. परड्यात गुऱ्हाळावरून आणलेल्या चिपाडांचा जुना ढीग होता आणि कागदाऐवजी चिपाडाचा चुरा पसरायचा काकींचा विचार होता. पावसात भिजून वाळलेल्या चिपाडात बुरशी असते. तिची धूळ छातीत गेली की पिल्लं मान ताणून, चोच उघडून, आवाज न करता श्वास ओढतात आणि फुप्फुसावर बारीक पिवळट गाठी दिसतात. त्यावर चालेल असं औषध नाही. गाठी नव्हत्या. चिपाड चुलीसाठीच ठेवा म्हणून सांगितलं.

औषधांबद्दल दोन शब्द. दुकानातून आणलेली तीन पाकिटं एकाच पाण्यात मिसळली जात होती. पाणी कडू, त्यात टाकीतलं गार. पिल्लं आधीच पीत नव्हती, ती आणखी मागे सरली. एका पाकिटावर कोलिस्टिन लिहिलेलं होतं. माणसाच्या गंभीर आजारात हाताशी उरलेल्या शेवटच्या औषधांपैकी ते एक. कोंबड्यांना आणि इतर खाद्य-जनावरांना ते देण्यावर भारतात २०१९ पासून बंदी आहे. कुणी दिलं, कसं दिलं हे विचारत बसण्यापेक्षा मी ते पाकीट बाजूला काढलं. औषध चालू आहे या समाधानात चार दिवस गेले आणि खोलीकडे कुणी पाहिलं नाही, हे नुकसान मला जास्त मोठं वाटतं.

आणि गुळाचं पाणी. पिल्लं आल्या-आल्या पहिले काही तास लिटरला साधारण ८० ग्रॅम गूळ किंवा साखर घातलेलं पाणी देतात, थकवा उतरायला ते चांगलं. काकींनी मायेनं तीन दिवस तेच चालू ठेवलं. पाणी चिकट झालं, आंबलं. वीसेक पिल्लांच्या शीच्या जागी विष्ठा वाळून डिंकासारखी घट्ट बसली होती. ती तशीच राहिली तर वाट बंद होऊन पिल्लू मरतं, आणि ओढून काढली तर कातडी सोलते. सुनेनं कोमट पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा त्या जागी मिनिटभर धरायचा, गोळा मऊ पडला की हलक्या हातानं पुसायचा, कोरडं करायचं, खोबरेल तेलाचं बोट लावायचं. पहिल्या पिल्लाला तिला पाच मिनिटं लागली. दहाव्याला ती माझ्यापेक्षा भराभर करत होती.

त्या दिवशी दुपारी काय केलं

मुलानं गावातून फ्रिजचं खोकं आणलं. त्याच्या दीड फूट उंचीच्या पट्ट्या कापून सुतळीनं जोडल्या आणि पाच फूट रुंद गोल रिंगण केलं. गोलच, कारण चौकोनाला कोपरे असतात आणि पिल्लं कोपऱ्यात चेंगरतात. खाली फरशीवर दोन पोती, वर भात गिरणीवरून आणलेलं कोरडं तूस तीन इंच. पहिले दोन-तीन दिवस पिल्लं तूसच टिपून खातात, म्हणून त्यावर खोक्याचाच पुठ्ठा, नागमोडी बाजू वर करून. त्या खरबरीत पन्हाळ्यांवर पाय घसरत नाहीत. फाकलेल्या पायांच्या दोघांना लोकरीच्या धाग्यानं दोन्ही पाय सैल बांधले. त्यातलं एक आठवड्यात सरळ चालायला लागलं.

बल्ब तारेचेच, शंभर वॅटचे दोन. पावसा-थंडीत पिल्लामागे दोन वॅट हा आमचा साधा हिशेब, ९८ पिल्लांना तेवढे पुरतात. दोघांची बटणं वेगळी, म्हणजे एक उडाला तरी दुसरा चालू राहतो, आणि तिसरा बल्ब कपाटात तयार. बल्ब साखळीला टांगले. नुसत्या वायरला टांगलेला बल्ब तुसात पडला तर पिल्लांबरोबर घर जातं. थर्मामीटर दोरीनं खाली आणून पाठीच्या उंचीवर ठेवला. लाईट गेली तर शेगडीत कोळसा पेटवून आत ठेवायचा, असं मुलाच्या मनात होतं. बंद खोलीत जळणारा कोळसा डोळ्यांना दिसत नाही असा विषारी वायू सोडतो, तो पिल्लांना मारतो आणि झोपलेल्या माणसालाही. त्याऐवजी पाच लिटरचे दोन कॅन, गरम पाण्यानं भरून, पोत्यात गुंडाळून रिंगणात. दर दोन तासांनी पाणी बदलायचं.

पाणी साधं, कोमट. दाणा म्हणून त्या दिवशी मक्याचा बारीक भरडा, पुठ्ठ्यावरच शिंपडला, दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचं खाद्य. अर्धमेल्या पिल्लांची चोच एकेक करून पाण्यात बुडवली. एकानं प्यायलेलं बघितलं की बाकीची शिकतात.

चार वाजता थर्मामीटर ३४ वर आला आणि खोलीचा आवाज बदलला. सकाळी सगळी एकसारखी, टोकदार आवाजात ओरडत होती. आता नुसती कुजबुज. पाखडताना सुपातनं दाणे पसरावेत तशी रिंगणभर पसरली होती, काही खात होती, काही पाय लांब करून आडवी झोपली होती. आडवं झोपलेलं पिल्लू बघून काकी घाबरल्या. उबेत निवांत झोपलेलं पिल्लू असंच दिसतं, त्यांनी ते गेल्या चार दिवसांत पाहिलेलंच नव्हतं.

रात्री दोनला आणि चारला कुणीतरी उठून बघायचं एवढंच मी मागितलं. आणि झोपायच्या आधी दहा पिल्लांची अन्नपिशवी बोटांनी चाचपायची. मऊ, गोल लागली तर दाणा-पाणी दोन्ही पोटात. टणक लागली तर पाणी मिळत नाही. नुसती पाण्याची पिशवी लागली तर दाणा नाही. रिकामी, तर ते पिल्लू उचलून बल्बाजवळ.

त्या रात्री २ गेली, दुसऱ्या रात्री १. पुढे कॅलेंडर कोरं. राहिली ९५. लासोटाची, म्हणजे राणीखेत रोगावरची लस पाचव्या ते सातव्या दिवशी देतात. पिल्लं सावरेपर्यंत मी ती मुद्दाम थांबवली आणि आठव्या दिवशी डोळ्यात एकेक थेंब टाकला. गमबोरो या दुसऱ्या रोगाची लस चौदाव्या दिवशी.

डोळे

दहाव्या दिवशी सुनेनं व्हिडिओ पाठवला. काही पिल्लं डोळे मिटून, पंजानं खाजवत होती. ऊब टिकावी म्हणून खिडकीला आणि झरोक्याला प्लॅस्टिक ठोकलं होतं. गारठ्याचा धसका घेतलेल्या घरात हे होणारच होतं. मी त्यांना फोनवरच सांगितलं, रिंगणात गुडघ्यावर बसा आणि नाक तुसाच्या जवळ न्या. उभ्यानं काही कळत नव्हतं, बसल्यावर सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. तो अमोनिया. वरचा झरोका उघडला, खालची खिडकी तशीच बंद ठेवली, म्हणजे घाण हवा वरून जाते आणि पिल्लांच्या अंगावर झोत येत नाही. ओलं तूस काढून कोरडं घातलं. शेजाऱ्यांनी चुना टाका सांगितलं होतं. ओल्या विष्ठेवर चुना पडला की अमोनिया आणखी सुटतो, म्हणून आधी ओल काढायची. तीन दिवसांत डोळे उघडले.

तेविसावा दिवस

यात माझी चूक आहे. तेविसाव्या दिवशी सकाळी तुसावर लालसर, चॉकलेटी विष्ठा दिसली, काही पिल्लं पंख फुगवून मान आत घेऊन बसलेली, आणि एक मेलेलं. उघडलं तर आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन्ही बंद नळ्या रक्तानं टम्म. रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांचा हा नेहमीचा आजार. विष्ठेतून पडलेली त्याची अंडी कोरड्यात काही करत नाहीत. ओल आणि पंचवीस-तीस अंशांची ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ती लागण करण्यायोग्य होतात. ब्रूडरमध्ये आपण नेमकी तीच ऊब देत असतो. ओल तेवढी आपल्या हातात असते.

पाण्याच्या भांड्याभोवती हातभर तूस भिजलेलं होतं. पिल्लं मोठी झाली होती, भांडं पहिल्या दिवसाच्या उंचीवरच होतं, त्यात पाय घालून पाणी उडवत होती. पण मुळात अंडी आली कुठून? दारात काकींच्या चपला होत्या. त्याच चपलांनी काकी पहाटे परसातल्या कोंबड्या सोडायच्या, खुराडं झाडायच्या आणि तशाच खोलीत यायच्या. मोठ्या कोंबड्यांना सवय झालेली असते, त्यांना काही होत नाही, पण विष्ठेतून त्या अंडी टाकत राहतात. परसात कोंबड्या आहेत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चपलांबद्दल विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही.

अँप्रोलियम पाण्यातून पाच दिवस दिलं, पहिले काही दिवस ०.०२४ टक्के, पुढे निम्मं. हे औषध जंतूला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, त्यावरच त्याचं काम चालतं. म्हणून त्या दिवसांत जीवनसत्त्वाचं टॉनिक बंद केलं, नाहीतर एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेतल्यासारखं होतं. भांडी विटांवर चढवून पिल्लांच्या पाठीच्या उंचीला आणली, खाली जाळी ठेवली. भिजलेलं तूस रोज काढायचं. खोलीच्या उंबऱ्याशी वेगळ्या चपला, ज्या बाहेर जाणार नाहीत. एकूण ४ गेली.

बेचाळिसाव्या दिवशी ९१ पिल्लं परसातल्या नव्या शेडमध्ये सोडली. १२० मधली २९ गेली, आणि त्यातली २२ पहिल्या चार रात्रींत.

ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर काकींचा फोन आला, या वेळी संध्याकाळी. "पिल्लं उद्या यायची हायत. बल्ब आजच लावून ठेवलाय. तुसात हात घालून बघितला तर वर गरम हाय, पर तळाला अजून गार लागतंय. काय करू?" मी म्हटलं, अजून एक पोतं खाली घाला आणि रात्रभर चालू राहू दे.